लिंगोला दुरुस्त करू नका!

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उरकून आम्ही घरची मंडळी फराळाला बसलो होतो. पुण्याहून आलेल्या माझ्या नातवाचे डोळे तेवढे तांबारलेले दिसत होते. स्वारी रात्रभर जागली होती. अभ्यासासाठी नव्हे, एक जपानी चित्रमालिका पाहण्यासाठी! हलत्या चित्रांचा खेळ म्हणजे पोराबाळांची करमणूक, अशी माझी आजवरची समजूत. पण जपानात जाणत्या माणसांसाठीही अशा मालिका काढतात, हे ज्ञान मला त्या ताटावर झाले. ही मालिका १९९५ साली सुरू झाली आणि २६ भागांत संपली. संपली म्हणायचे ते आपले व्यवहारापुरते. तिचा शेवट पाहून प्रेक्षक बुचकळ्यात पडले. मग १९९७ मध्ये चित्रपट निघून त्यात दुसराच शेवट दिसला. पुढे २००७ पासून २०२१ पर्यंत चार चित्रपट काढून कर्त्याने तीच कथा पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि तिसरा शेवट केला! त्या कथेत देवदूत म्हणविणारे अजस्र प्राणी माणसांच्या नगरीवर चालून येतात. कशासाठी येतात, त्यांना हवे तरी काय, हे शेवटपर्यंत धड उमगत नाही, असे नातवाचे म्हणणे. त्याने वहीत रेघा आखून कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, याचा तक्ता मांडला होता.

"आजोबा, काही केल्या हे जुळत नाही," तो म्हणाला.

"मग सोडून दे," असे म्हणून मी चकली उचलली.

"सोडून कसं देऊ? आणि तुमची लिंगोची गोष्ट तरी कुठे जुळते? महादेव देव आहे ना? मग त्यानं माणसं गुहेत का कोंडली?"

चकली हातातच राहिली.

या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा दिलेले आहे. तेही चारचौघांत, टाळ्यांच्या गजरात. ते उत्तर चूक होते. नुसते चूक असते तरी चालले असते. ते उद्दाम होते. आणि आता मी पाहतो तो माझ्यासारखी उत्तरे देणारे विद्वान व सज्जन या मुलखात पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांचा उत्साह वर्षागणिक वाढतो आहे. म्हणून सणाचे दिवस असतानाही हा भांडणाचा लेख लिहीत आहे. वाचकांनी तो लाडू खात खात वाचावा, पण वाचावा.

ज्यांना ही कथा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आधी ती थोडक्यात सांगतो. गोंड लोक स्वतःला कोयतूर म्हणवितात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात त्यांचे राज्य होते. चंद्रपूरचा परकोट त्याची साक्ष देत अजून उभा आहे. त्यांचा आदिगुरू म्हणजे पहांदी पारी कुपार लिंगो. त्याची गाथा १८६६ साली नागपुरात छापली गेली. स्टीफन हिस्लॉप या नावाचा एक स्कॉटिश मिशनरी नागपुरास राहत असे. त्याने ती एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली होती. परधान म्हणजे गोंडांचे भाट. किंगरी वाजवून यजमानाच्या देवांची व कुळांची कथा सांगणे, हा त्यांचा पिढीजात मान. १८६३ साली हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला आणि त्याचे कागद पुढे रिचर्ड टेंपल याने प्रसिद्ध केले.

त्या गाथेत असे आहे. गोंड पुष्कळ झाले, रानोमाळ पसरले, मिळेल ते खाऊ लागले, स्नान करीनात. त्यांचा वास महादेवापर्यंत पोचला आणि देवाला किळस आली. त्याने आपल्या अंगाचा मळ काढून त्याची एक खार केली, तिच्यात जीव घातला आणि ती सोडून दिली. गोंड काठ्या घेऊन खारीमागे धावले. खार गुहेत शिरली, तिच्यामागून गोंडही शिरले. महादेवाने गुहेच्या तोंडाशी सोळा हात शिळा लावली आणि भस्मासुराला पहाऱ्यावर बसविले. चार गोंड तेवढे बाहेर राहिले. ते काचीकोपा लोहागडच्या रानात पळाले.

इकडे पार्वतीला चुकल्याचुकल्यासारखे होऊ लागले. डोंगरावर पूर्वी गलबला असे, आता सामसूम. पूर्वी वास येई, आता येत नाही. तिने तप आरंभिले. भगवंताने विचारले, तुला हवे काय? ती म्हणाली, माझे गोंड. तेव्हा फुलातून लिंगो जन्मला. तो मधावर वाढला. त्या चार जणांना भाऊ मानून त्याने त्यांना शेती शिकविली, विस्तव मिळवून दिला, भोपळ्याचे वाद्य वाजवून राक्षसाला नाचविले. त्याच भावांनी बायकांच्या खोट्या तक्रारीवरून त्याला ठार मारले. अमृताने तो पुन्हा उठला. आणि सूड घेण्याऐवजी महादेवाकडे जाऊन म्हणाला, कोंडलेले गोंड सोडा. महादेवाने अवघड अट घातली, लिंगोने ती पुरी केली, आणि शिळा सरली. मग त्याने गोंडांची कुळे लावून दिली, कोणाचे लग्न कोणाशी व्हावे हे ठरविले, देवपूजा शिकविली, आणि दिसेनासा झाला.

आता माझी कर्मकथा ऐका.

१९८१ साली, म्हणजे गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघण्याच्या आदल्या वर्षी, मी माणिकगडच्या डोंगरातल्या एका शाळेत मास्तर होतो. संमेलनासाठी मी 'लिंगो' नावाची एकांकिका लिहिली. नाटकाचे वेड आमच्याकडे सर्वांनाच. तिकडे झाडीपट्टीत तर दिवाळी झाली की वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव निघतात आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. ते वारे मलाही लागले होते. पण लिहिताना मला गोष्टीतला वास खटकला. माझ्याच विद्यार्थ्यांच्या पूर्वजांना घाणेरडे म्हणायचे, आणि तेही रंगमंचावरून? शिवाय महादेवाने किळस करावी, आमिष दाखवून माणसे कोंडावी, हेही बरे दिसेना. मी लेखणी सरसावली. वास काढला. खार काढली. पार्वतीचे तप लांबत होते, तेही काढले. आणि महादेवाच्या तोंडी एक भाषण घातले: बाळांनो, पृथ्वीवर प्रलय येणार आहे, तुमच्या रक्षणासाठी मी तुम्हांला या गुहेत ठेवीत आहे! झाले. देव निर्दोष, पूर्वज स्वच्छ, कथा सरळ. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली.

नाटक संपल्यावर आम्ही कंदील उतरवीत होतो. एक म्हातारा परधान जवळ आला. त्याच्या खांद्याला किंगरी होती.

"गुरुजी, नाटक चांगलं झालं जी," तो म्हणाला. "पण एक सांगा ना जी. महादेवानं मानसाइच्या भल्यासाठीच शिळा लावली, तं मंग लिंगो कायले आला?"

मी काही तरी पुटपुटलो. तो हसला.

"अन् वासच काढला तुम्ही. मंग पार्वतीले आठवण कायची आली?"

एवढे बोलून, "येतो जी" म्हणून तो अंधारात निघून गेला. मी कंदील हातात धरून तसाच उभा राहिलो.

वाचकहो, त्या दोन प्रश्नांपुढे माझ्या सगळ्या दुरुस्त्या कोलमडल्या, त्या कशा ते पाहा. महादेवाचा हेतू चांगला ठरविला की शिळा लावणे हे पुण्य ठरते. शिळा लावणे पुण्य असेल, तर ती सरकविणारा पापी ठरतो. निदान उपटसुंभ तरी ठरतो. म्हणजे देवाला डागातून सोडविण्यासाठी मी लिंगोला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला होता! आणि हे ज्याचा तो गुरू, त्या समाजाच्या मुलांकडून, तोंडाला रंग फासून!

दुसरे असे की मूळ गाथेत एकाच वासाने दोन देवांची परीक्षा होते. महादेवाला त्या वासाची किळस येते; पार्वतीला तो वास नाही म्हणून करमत नाही. एकाला जी घाण वाटते, तीच दुसरीला घरच्या माणसांची खूण वाटते. ज्याने ही गाथा रचली, त्याला महादेवाचा हेतू सांगता येत नव्हता असे कोण म्हणेल? त्याने तो अगदी उघड सांगितला आहे. आपल्याला तो आवडत नाही, एवढेच. देवाच्या हेतूचा गोंधळ होतो तो ऐकणाऱ्याच्या भिडेमुळे. सांगणाऱ्याची जीभ स्पष्ट असते.

आणि ती खार! दुसऱ्याच्या अंगाच्या वासाला विटलेला देव आमिष कशाचे करतो? स्वतःच्या अंगाच्या मळाचे! आपल्याकडे पार्वतीने अंगाचा मळ काढून गणपती घडविला, ही गोष्ट घरोघरच्या आजीला पाठ असते, आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नाही. इकडे त्याच मळाची खार होते आणि ती माणसांना अंधारात नेते. मळ दोघांनाही आहे, देवालाही आणि माणसालाही; फरक एवढाच की शिळा एकाच्या हातात आहे. हे मी माझ्या एकांकिकेतून खोडून टाकले होते, आणि त्या जागी एक गोड भाषण घातले होते.

येथे कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की तो वास गोंडांचा कशावरून? गोंडांविषयी इतरांनी जे बोलावे ते परधानाच्या तोंडी शिरले नसेल कशावरून? ही शंका पोकळ नाही. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली मोठा ग्रंथ काढला. त्यांनीही या गाथेत हिंदू कल्पनांची सरमिसळ झाल्याचे नमूद केले आहे. नागपुरात बसून एका मिशनऱ्यासाठी सांगितलेली कथा आणि डोंगरात पेरसापेनच्या पूजेला सांगितलेली कथा एकच असेल, असे मीही म्हणत नाही. पण म्हणून उपाय काय? खोडणे? की सांगणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, हे शेजारी लिहून ठेवणे? अपमान कोणी केला हे पाहायचे असेल, तर निदान अपमान जागेवर ठेवला पाहिजे. पुरावा नष्ट करून न्याय मिळविल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळतो. ती म्हणजे, कथा जुळत नाही. नाहीच जुळत! हिस्लॉपच्या गाथेत गुहेत कोंडली जातात ती माणसे. राजुरा-जिवतीच्या डोंगराला लागून आदिलाबादचा मुलूख आहे. तिथल्या राजगोंडांची गाथा हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताने १९४८ साली प्रसिद्ध केली. तिच्यात कोंडले जातात ते गोंडांचे देव. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी मांडलेल्या कथेत कोंडली जातात ती कली कंकालीची ३३ मुले, आणि शिळा हटविताना हिरासुका पाटालीर हा वादक प्राण गमावतो. आमच्या भामरागड-एटापल्लीच्या पलीकडे बस्तर लागते. तिथल्या मुरियांच्या कथा व्हेरियर एल्विनने १९४७ साली छापल्या; त्यांत लिंगो हा गोटुलाचा संस्थापक, आणि अठरा वाद्ये एकदम वाजविणारा. गुहा तरी एक असावी! लाखो लोक माघी पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेला जातात. जंगूबाईची गुहा मात्र जिवतीजवळच्या सीमेवर महाराजगुड्याला आहे, आणि तिथे पौषात यात्रा भरते. त्या सीमेवरच्या गावांचीच मौज अशी की महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही त्यांना वर्षानुवर्षे आपली म्हणत आले. राजुरा तालुका स्वतः १९५६ पर्यंत आदिलाबादेत होता, मग नांदेडात गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. सरकारच्या नकाशाचा जिथे मेळ बसेना, तिथे परधानाच्या गाण्याने तक्ता मांडून बसावे, अशी अपेक्षा कोण करतो?

पण हा मेळ न बसण्याचे कारण अज्ञान नव्हे, विसरभोळेपणा नव्हे. गोंडांत चार, पाच, सहा आणि सात देवांचे किंवा भावांचे असे गट असतात. त्यांना सगा म्हणतात. एका सग्यातली कुळे एकमेकांची भाऊ; त्यांच्यात लग्न होत नाही. परधान ज्या सग्याचा, त्या सग्याच्या पूर्वजांची गोष्ट तो सांगणार. तो साऱ्या गोंडवनाचा सरकारी बखरकार नव्हे. तो आपल्या यजमानाच्या घरचा माणूस आहे. शिवाय तो कथा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सांगत नाही. मृत्यूच्या विधीला एक भाग, पेनाच्या पूजेला दुसरा भाग, लग्नाला तिसरा. ऐकणाऱ्याला त्या रात्री जे हवे, ते किंगरीतून निघते. आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न त्या अंगणात कोणी विचारीत नाही. आपल्याशी कोणाचे काय नाते, हा प्रश्न विचारतात. आपल्या घरी सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याने नवस नेमका कोणत्या साली केला, असे कोणी भटजींना विचारतो काय?

आता माझे भांडण ज्यांच्याशी आहे त्यांची नावनिशी. हे दुरुस्तीवाले तीन तऱ्हेचे असतात.

पहिले सोवळे दुरुस्तीवाले. मी यांच्यातलाच. देवाने केले ते बऱ्यासाठीच केले असले पाहिजे, असे यांचे गणित. उत्तर आधी ठरलेले. उदाहरण मागाहून सोडवायचे. यांच्या हातात कथा पडली की देव तेवढे चकचकीत होतात आणि माणसे बाहुल्या. यांना माझे सांगणे इतकेच की, ज्या समाजाने आपल्याच गाथेत देवाला दोषी धरण्याची छाती दाखविली, त्याला भक्ती शिकविण्याच्या भानगडीत पडू नका.

दुसरे इतिहासवाले. यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणून यांच्याशी भांडणे अधिक अवघड. डॉ. कंगाली २०१५ साली गेले. गोंडी भाषा आणि पुनेम यांसाठी त्यांनी जन्मभर जे खपून ठेवले, त्याने हजारो तरुणांची मान ताठ झाली. त्यांच्या मांडणीत शंभू एक नाही. एकामागून एक असे ८८ शंभू होऊन गेले. कथाकथांतला महादेव जुळत नाही, याचे किती चतुर उत्तर! जिथे हेतू बदलला तिथे शंभूच वेगळा. माझ्या नातवाने हे ऐकले तर तो टुणकन उडी मारील, कारण त्याच्या जपानी मालिकेच्या चाहत्यांनाही नेमके असेच काही सुचते: काळ वेगळा, जग वेगळे, म्हणून शेवट वेगळा. ही एक मांडणी म्हणून मी तिच्यापुढे हात जोडतो. पण तिचे अनुयायी जेव्हा म्हणू लागतात की हीच खरी, बाकीच्या भ्रष्ट. जेव्हा एखादी म्हातारी आपल्या आजोळची गोष्ट सांगू लागली की शिकलेला नातू तिला थांबवून म्हणतो, "आजी, पुस्तकात असं नाही," तेव्हा मात्र मला माझी एकांकिका आठवते. मी बाहेरून येऊन जे केले, तेच काम आता घरातले लोक करणार काय? माझ्या वेळी निदान विचारायला एक परधान तरी जवळ आला होता. पुस्तक हातात घेतलेल्या नातवाला कोण विचारणार?

तिसरे चवीवाले. यांना गाथा साहित्य म्हणून हवी असते. पण ताटात वाढण्याआधी हाडे काढलेली हवी. यांचा मूळपुरुष कॅप्टन फोर्सिथ. मध्य हिंदुस्थानच्या रानांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १८७१ साली निघाला. त्यात त्याने लिंगोची गाथा इंग्रजी पद्यात दिली. आणि तिला वृत्त कोणते दिले? अमेरिकन कवी लाँगफेलोच्या 'हायावाथा'चे! परधानाच्या गाण्याचा ताल सोडला आणि सातासमुद्रापलीकडचा ताल बसविला. लिंगो भोपळ्याचे वाद्य हाती घेऊन राक्षसाला नाचवितो. फोर्सिथने ते वाद्य काढून घेऊन लिंगोलाच आपल्या तालावर नाचविले. आजही शहरातून येणारे नाटककार आणि चित्रपटवाले हेच करू पाहतात. त्यांना नायक हवा, खलनायक हवा, दोन तासांत शेवट हवा.

पण फोर्सिथच्या या उसनवारीत एक गंमत दडलेली आहे, आणि तिच्यातच उत्तरही आहे. लाँगफेलोने ते वृत्त १८५५ साली घेतले ते फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यावरून. 'कालेवाला' कोणी लिहिले? एलियास ल्योनरोट नावाच्या एका डॉक्टराने. तो खेडोपाडी हिंडला, जुन्या गायकांची गाणी उतरवून घेतली, आणि ती एकमेकांना शिवून १८३५ साली एक सलग काव्य केले. १८४९ मध्ये ते आणखी वाढविले. म्हणजे आमच्या दुरुस्तीवाल्यांना जे हवे, ते त्याने केले! एक कथा, एक क्रम. त्या काव्याने फिनलंडच्या लोकांना ताठ मानेने उभे केले, हेही खरे. पण ते लोक तिथे थांबले नाहीत. १९०८ ते १९४८ या चाळीस वर्षांत त्यांनी मूळ गायकांची गाणी जशीच्या तशी, एकमेकांशी भांडणारी, न जुळणारी, ३३ खंडांत छापून काढली. शिवलेले वस्त्रही ठेवले आणि सुताच्या लडीही ठेवल्या. आम्ही मात्र वस्त्र शिवून झाले की लडी चुलीत घालायला निघालो आहोत.

मग करायचे काय, असे कोणी विचारील. नुसते भांडून लेख संपविणे मलाही शोभणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. एवढी मोठी भाषा, पण घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. अशा शाळा उद्या वाढतील, वाढोत. त्यांच्या पुस्तकात लिंगो येईल. तेव्हा कोणता लिंगो घालायचा, यावर समित्या बसतील. माझी हात जोडून विनंती आहे: एक घालू नका. चार घाला. राजुऱ्याकडचा, भामरागडकडचा, कचारगडचा आणि हिस्लॉपच्या कागदांतला. प्रत्येकाखाली गाव लिहा, सग्याचे नाव लिहा, कोणत्या प्रसंगी सांगितला ते लिहा. गोंडी शब्द तसेच ठेवा, शेजारी मराठी द्या. आणि धड्याच्या शेवटी 'महादेवाने शिळा का लावली?' असा प्रश्न घालून त्याचे उत्तर मात्र छापू नका. मुलांना सांगा, घरी जा आणि आजीला विचारा. ज्या दिवशी चाळीस मुले चाळीस उत्तरे घेऊन येतील, त्या दिवशी गुरुजींनी गोंधळ झाला म्हणून छडी उगारू नये, पेढे वाटावे.

कोणी म्हणेल, पोरांचा गोंधळ उडेल. अहो, पोरांचा गोंधळ कसा उडेल? तो आधीच उडालेला आहे आणि त्यात ती मजेत आहेत! जो मुलगा जपानी कथेचे तीन शेवट समोर ठेवून रात्र जागवितो, त्याला आपल्या डोंगरातल्या कथेची चार रूपे झेपणार नाहीत काय? त्या जपानी मालिकेचे दोन शेवट टाकून देऊन एकच ठेवा असे म्हटले, तर हीच मुले आपल्यावर धावून येतील. परक्या कथेचे धागेदोरे जपण्याची जिद्द त्यांच्यात आहे. आपल्या कथेचे धागे आपण त्यांच्या हाती द्यायच्या आतच कापून टाकतो.

राहिला नातवाचा प्रश्न. चकली खाली ठेवून मी त्याला म्हणालो, "बाळ, याचं उत्तर मी एकदा दिलं होतं. त्याबद्दल एका म्हाताऱ्यानं मला दोन प्रश्न विचारले. ते तुला सांगतो." सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने वही ओढली, आपला तक्ता असलेले पान उलटले, आणि कोऱ्या पानावर दोनच ओळी लिहिल्या: लिंगो कशाला आला? पार्वतीला आठवण कशाची आली?

तो म्हातारा परधान आता हयात नाही. त्याच्या घरी किंगरी अजून आहे, असे कळते. दिवाळीच्या दिवसांत त्या डोंगरात दंडारीचे जथे गावोगाव फिरतात, मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नाचतात, आणि पाहुण्याला कोणी परत पाठवीत नाही. यंदा नातू आला की फराळ बांधून घेऊन आम्ही दोघे राजुऱ्याची गाडी धरणार आहोत. वही त्याच्याजवळ असेल. मी बरोबर जातो आहे तो केवळ वाट दाखविण्यापुरता. तिथे तोंड उघडायचे नाही, असे मी स्वतःला बजावून ठेवले आहे.